बाजूच्या सीटवरचा पाय

नोकरीत किती गुन्हे आले नि गेले, पण असोदा रोडवरचा तो एक अपघात काही केल्या मनातून जात नाही. मी तेव्हा जळगावच्या एका ठाण्यात तपास अधिकारी होते.

सकाळी कापूस वेचायला निघालेला मजूर गाडीखाली आला आणि जागीच गेला. गाडी चालवत होती पन्नाशीची एक विधवा बाई. रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेली, लायसन्स नवंकोरं. एकटीनं गाडी काढायची तिची पहिलीच वेळ.

पंचनामा केला, तर रस्त्यावर टायर घासल्याची खूणच नाही. बाईंचं एकच, ब्रेक लागला नाही. मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली, ब्रेक ठणठणीत. बाई खोटं बोलते, असं सगळे म्हणू लागले. मयताची बायको रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची. तिला एवढंच कळायला हवं होतं, की त्या बाईनं मुद्दाम केलं का.

मग फाट्यावरचा चहावाला नाना हळूच येऊन सांगून गेला. "मॅडम, ती समोर पाहतच नव्हती. बाजूच्या सीटकडे पाहे. अन् तिथं तं कोनीच नव्हतं."

आता चौकशीत दरडावून काही निघत नाही, हा माझा अनुभव. चहा मागवला, दार लोटलं, बाईंना विचारलं, कोणाकडे पाहत होतात? बाई म्हणाली, "सरांकडे."

माझ्या डोक्यात उजेड पडला तो तिथं. शिकवायच्या गाडीत डावीकडे बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. बाईंना ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या गाडीत बसवलं, मोकळ्या मैदानात पत्र्याचा रिकामा डबा ठेवला आणि शेजारच्या सीटवरच्या मास्तरांना सांगितलं, ब्रेकवर पाय नको, मांडी घालून बसा. बाई सुरेख निघाल्या. गिअर बरोबर, वळण बरोबर. डबा जवळ आला तशी मान डावीकडे वळली. बाईंचा पाय जागचा हलला नाही. डबा चेपला.

मास्तर घाम पुसत म्हणाले, "पण माझे सगळे पास होतात, मॅडम."

"परीक्षेला बाजूला कोण बसतं?"

"मीच."

मास्तरांचा जबाब जोडला, पण दोषारोपपत्र बाईंवरच गेलं. कायद्याला स्टिअरिंगवरचा माणूस तेवढा दिसतो. मयताच्या बायकोला मी घरी जाऊन सांगितलं, मुद्दाम नव्हतं. ती म्हणाली, "मंग तिले शिकाडलं काय?"

किती जण पास झाले, हे सगळे मोजतात. बाजूची सीट रिकामी झाल्यावर त्यांचं काय होतं, ते कोण मोजतं? शिकवणं कळतं ते तिथं. माणूस एकटा पडला की जे उरतं, तेवढंच त्याचं शिकणं.

जामिनाचे कागद झाले त्या संध्याकाळी मी बाईंना विचारलं, न्यायला कोणाला बोलावू?

"कोनी असतं तं या वयात गाडी कशाले शिकली असती, ताई?"

मग मीच त्यांना घरी सोडून आले.