करडा वेताळ

रंग मनासारखा जमला की माणूस थांबतो. ते थांबत नसत. वाटीत छान पोपटी तयार झालेला असे, बघणाऱ्याला वाटे आता कुंचला बुडवणार, तेवढ्यात शेजारच्या डबीतून चिमूटभर राख काढून ते त्यात टाकत, काडीने ढवळत आणि समाधानाने म्हणत, "आता उतरलं याचं बाशिंग!"

जगातल्या बहुतेक गोष्टींना उगीच बाशिंग बांधलेलं आहे आणि ते उतरवायची जबाबदारी आपल्यावर आहे, असा त्यांचा समज होता. सरकारने त्यांच्यावर टाकलेली जबाबदारी मात्र ट्रेसरची होती. अकोल्याच्या आमच्या कचेरीत रस्ते, पूल आणि मोऱ्या यांचे नकाशे उतरवून घ्यायचे आणि रंगवायचे, एवढंच काम. मी तिथेच पत्रव्यवहार सांभाळत होतो. म्हणजे एका साहेबाने दुसऱ्या साहेबाला जे लिहायला हवं होतं, ते त्याच्या सहीसाठी लिहून ठेवत होतो.

एकदा त्यांनी नकाशात पूर्णा नदी मातकट रंगवली. साहेबांनी बोलावून विचारलं, "नदी निळी दाखवतात, एवढंही माहीत नाही?"

"साहेब, तुमी पूर्णा निळी कधी पाह्यली?"

साहेबांनी पूर्णा पाहिलीच नव्हती, त्यामुळे तिच्या रंगाबद्दल त्यांची पक्की खात्री होती. नदी निळी झाली. पण निळ्यात राख होतीच. ती फक्त मला कळली, कारण टेबलावर सांडलेली मीच पुसली.

त्या काळात आमच्या कचेरीचं राज्य दोनदा बदललं. खुर्च्या, ढेकूण आणि हेडक्लार्क तेच राहिले. पाटी तेवढी दरवेळी नवी लागली. महाराष्ट्र झाला तेव्हा लाल पाटीवर सोनेरी अक्षरं हवीत असा हुकूम निघाला आणि काम यांच्याकडे आलं. पाटी लागली त्या सकाळी ती आजोबांच्या वेळची वाटत होती. हेडक्लार्क कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, हे काय केलंत?"

"जुनं तं होनारच हाये ना एक दिवस," हे म्हणाले. "मी आधीच करून ठेवलं."

पण हा झाला पोटापाण्याचा रंग. त्यांचं खरं काम घरी चाले. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि पुढच्या ओसरीवर त्यांची भुतं राहत. गल्लीतले पोट्टे त्यांना भूतवाले काका म्हणत. मातीची, बोटभर उंचीची भुतं. अंगठ्याएवढा मुंजा पिंपळाच्या फांदीवर पाय सोडून बसलेला, चेहऱ्यावर शाळा चुकवलेल्या मुलाचा भाव. विंचरून विंचरून कंटाळलेली हडळ. बिनडोक्याचा झोटिंग, ज्याला ते कौतुकाने 'आपले खातेप्रमुख' म्हणत. भुतं करणारे कारागीर तुम्हीही जत्रेत पाहिले असतील. त्यांची भुतं जीभ काढतात, डोळे वटारतात. यांची तसं काही करत नसत. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसांसारखी ती दिसत.

आणि प्रत्येकाला जागा हवी. भूत हवेत कसं उभं राहील, असा त्यांचा सवाल असे. मग फळीच्या तुकड्यावर काळी माती थापायची आणि उन्हात ठेवायची. चैत्रात शेताला पडतात तशाच भेगा तिला पडत. भेग मनासारखी पडली नाही तर सगळं भिजवून पुन्हा थापायचं. कपाशीच्या पऱ्हाटीची मुळी उलटी रोवली की वठलेलं झाड तयार. विहिरीवरचं शेवाळ वाळवून त्याची झुडपं, झाडूच्या काड्या कुटून त्यांचं गवत. घरातला झाडू दर महिन्याला बारीक होत जाई आणि त्यांची बायको तो दारात आलेल्या माणसाला पुरावा म्हणून दाखवी.

हडळीची पावलं उलटी असतात, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. यांनी त्यापुढचा विचार केला होता. "ती पिंपयाकडून इकडं आली, तं मातीत उमटलेली पावलं पिंपयाकडं जाताना दिसली पायजेत का नाई?" असं म्हणून त्यांनी सुईच्या टोकाने ती तशी उमटवली होती. तिळाएवढी पावलं. ती कोणी पाहणार नाही, हे मी त्यांना सांगितलं.

"हडय तं पाह्यन," ते म्हणाले.

बायकोचं मत वेगळं होतं. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आधी ती ओसरीवर येऊन उभी राही. "अवो, हे मातेरं उचला. देवी घरात येऊन राह्यली, अन् तुमी दारात हडय बसवता?" मग सगळी सेना पत्र्याच्या पेटीत जाई. मात्र तिच्या आराशीसाठी ते दरवर्षी एक पोपट करत. हिरवागार, लालचोचीचा, राखेचा कणही नसलेला. मी एकदा चेष्टेने म्हटलं, याचं बाशिंग राहिलं वाटतं. ते आत पाहून हळूच म्हणाले, "राहू द्या. तिले आवडते."

तीन-चार वर्षं ते एकाच गोष्टीत गुंतले होते. अमावास्येला वेताळ आपली सेना घेऊन फेरीला निघतो, ती फेरी. मोठ्या पाटावर उजाड माळ, मागे भुतं खोळंबलेली आणि पुढे दगडावर बसलेला वेताळ, वीतभर उंचीचा. हा एकटाच त्यांनी कुंभाराच्या भट्टीत भाजून आणला होता. एक पाय मांडीवर घेऊन तो तळपाय चोळत होता.

"वेताळ पाय चोळतो?" मी विचारलं.

"रातभर चालते तो. तुमी कचेरीतून घरी येता तं काय करता?"

त्याचं अंग करडं होतं. नुसतं करडं नाही, असं त्यांचं म्हणणं. राख, गेरू आणि कपड्याला घालायची नीळ यांची भांडणं सोडवून त्यांनी तो रंग काढला होता, आणि तळपायाखालच्या सावलीत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, जांभळा होता. फटफटायच्या आधीचा. ओसरीवर येईल त्याला ते विचारत, "याच्यात जांभयं दिसते का?" शिपाई म्हणत, दिसते साहेब. शिपायांना साहेब म्हणतील ते सगळंच दिसे. बायको म्हणे, मले राख दिसते. मी पुष्कळ पाहिलं आणि नाही म्हणालो.

"दिसन," ते म्हणत. पण हे म्हणताना ते माझ्याकडे नाही, वेताळाकडे पाहत. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की हा प्रश्न ते आम्हाला विचारत नव्हते. तो रंग खरोखर तिथे आहे की तो फक्त आपल्याच डोळ्यांत आहे, याची त्यांना धास्ती होती. एरवी सगळ्या जगाला उडवून लावणारा हा माणूस त्या एका सावलीपुढे लहान मुलासारखा हवालदिल होई.

त्या वर्षी अकोल्यात शेतकी प्रदर्शन भरलं. त्यात हस्तकलेचा मांडव होता आणि परीक्षक म्हणून अमरावतीचे कोणी चित्रकलेचे शिक्षक येणार होते. वेताळ तिथे मांडा म्हणून मी यांच्या मागे लागलो. "मले बक्षीस नाई पायजे," ते म्हणाले. "पन त्या मानसाले रंगातलं समजत असन. त्यानं एकदा पाहून सांगावं, हाये का नाई. नाई म्हनला तरी चालते. माह्या जिवाची कटकट जाईन."

आम्ही पाट टांग्यात मांडीवर धरून नेला. मांडवात वेताळाला जागा मिळाली ती एका अजस्र भोपळ्याच्या आणि भरतकामाच्या राजहंसाच्या मधे. परीक्षक दुपारी येणार होते. त्याआधी उद्घाटन होतं आणि सर्व कर्मचाऱ्यांनी हजर राहावं असा हुकूम होता. म्हणून आम्ही समोरच्या शामियान्यात जाऊन बसलो. पाहुण्यांनी आधी हार स्वीकारले, मग हारांबद्दल आभार मानले, मग शेतकऱ्याला शेती म्हणजे काय ते सांगितलं. आमच्याकडे नुकतेच बदलून आलेले हिशेबनीस वानखडे माझ्या शेजारी होते. ते कानात म्हणाले, "यायले तुरीचं झाड दाखवा अन् विचारा कायचं हाये."

आम्ही परत येईपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

दिवस अमावास्येचा होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. खेड्यांतून गाड्या भरभरून आलेल्या बायकांच्या मात्र होतं. भोपळा पाहून त्या पुढे सरकल्या आणि समोर वेताळ. आपल्या गावाच्या शिवेवरचा असतो तसाच दगडी, करडा, फक्त कोरडा. अमावास्येला वेताळ कोरडा! कोणीतरी बाजूच्या दुकानातून शेंदूर आणला, कोणी तेल. आम्ही पोचलो तेव्हा वेताळ डोक्यापासून तळव्यापर्यंत केशरी झाला होता. नारळ पाटावरच फोडला होता. त्या पाण्याने काळ्या मातीचा पुन्हा चिखल झाला होता आणि मुंजा, हडळ, खातेप्रमुख त्यात विरघळले होते. उदबत्त्या झोटिंगाच्या जागी खोचल्या होत्या.

ते पाटाजवळ जाऊन उभे राहिले. हात जोडून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, चपला काढा ना. लय जागृत हाये."

मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. पूर्णेवरून साहेबांना बोललेला माणूस. त्यांनी चपला काढल्या.

वानखड्यांनी छप्पन साली धम्म स्वीकारला होता. हा देखावा पाहून ते डोकं खाजवत म्हणाले, "भाऊ, आमी होते तेवढे देव सोडून मोकये झालो, अन् तुमी नवा तयार करून राह्यले?" यावर हे हसले. खरंच हसले. मग परीक्षक आले. त्यांनी चष्मा पुसला, वेताळाला लांबूनच नमस्कार केला आणि धार्मिक वस्तू स्पर्धेत घेता येत नाहीत असं सांगून राजहंसाकडे वळले.

संध्याकाळी मी म्हटलं, "घरी नेऊ. तेलाने पुसून काढू."

"कोनाचा नेता?" ते म्हणाले. "तो आता त्यायचा झाला. हातातून काढून घेता का?" आणि थोडं थांबून, "डिंकाचा रंग हाये माहा. तेलाले भीत नाई तो. आत हाये तसाच राह्यन." हे ते स्वतःलाच सांगत होते.

वेताळ मैदानाच्या कडेच्या निंबाखाली गेला. आपल्याकडे देवाची प्रगती माणसापेक्षा लवकर होते. आधी ओटा झाला, मग टिनाचं छप्पर, मग समिती, मग भोंगा. देव वीतभर आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी हातभर. आम्ही कचेरीत जाताना रोज तिथून जात असू. ते तिकडे पाहत नसत, पण त्या टप्प्यात त्यांची चाल वाढे.

पुढे त्यांची बदली अमरावतीला झाली. मी एकदा गेलो तेव्हा ओसरी स्वच्छ होती आणि घरातला झाडू चांगला जाडजूड होता. बायकोच मला म्हणाली, "तुमी तरी सांगा ना यायले, करा म्हना काही. घर कसं मुकं झालं." मी विचारलं, दुसरा वेताळ का करत नाही?

"करता येईन," ते म्हणाले. "पन तो रंग होता का नव्हता, तेच कोनी सांगितलं नाई. मंग कायच्या भरोशावर करू?"

त्याच हिवाळ्यात ते गेले. कचेरीने शोकसभा घेतली. साहेबांनी त्यांचं नाव चुकवलं, पण दुःख अतीव झाल्याचं सांगितलं.

त्यानंतरच्या एका मे महिन्यात गावभर बातमी झाली की वेताळाने खोळ टाकली. वर्षानुवर्षं चढलेला शेंदूर उन्हाने तडकून एकदम गळून पडला होता. समितीने याला साक्षात्कार ठरवलं आणि भोंगा लावला. मी निघालो. वानखडेही म्हणाले, चला, मीही येतो, तुमच्या माणसाचं काम मी कुठं पाह्यलं हाये? त्यांना त्या जांभळ्याबद्दल मी कधी काही सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं.

गर्दीतून वाट काढत आम्ही ओट्याशी पोचलो. वेताळ दगडावर बसून तळपाय चोळत होता. करडा, दमलेला, जसाच्या तसा. लोक लांबून हात जोडत होते. वानखड्यांना हात जोडायचे नव्हते, त्यामुळे ते निवांत वाकून पाहू शकले. बराच वेळ त्यांनी पाहिलं.

"काहो," ते म्हणाले, "ही सावली जांभयी हाये ना?"

"कुठली?"

"हे काय, तयपायाखालची. आधी राखच वाटते. पन जांभयं हाये. फटफटून राह्यलं जसं काही." त्यांनी बोट दाखवलं तेव्हा मलाही ते दिसलं. इतकं उघड होतं की आधी कसं दिसलं नाही हेच कळेना. मागे ते उभे असल्यासारखा मी त्यांना सांगायला वळलो आणि मागे भोंग्याचा खांब होता.

समितीचे सचिव शेंदराची परात घेऊन आले. "सरका भाऊ, सरका जरा."

"तेवढा पाय राहू द्या ना," वानखडे म्हणाले.

"कायले?"

"चांगला दिसते."

"उघडा देव चांगला दिसते का कुठं?" सचिव म्हणाले, आणि दोन बोटं शेंदरात बुडवून त्यांनी पायापासूनच सुरुवात केली.