पुसायला आठ दिवस

धामणकर नाक्याजवळच्या भिंती रंगवणारे ते काका आधी फक्त कोळशानं चित्र काढतात आणि शेजारी ओलं फडकं टांगून आठ दिवस थांबतात. ज्याला खटकेल त्यानं पुसावं. "भिंत लोकांची हाय, माझी न्हाय," म्हणतात. उरेल तेवढ्यातच रंग भरतात. मला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा. "चित्रांनी कापडाच्या लूमवर राबणाऱ्यांची मजुरी वाढते का, काका?" मी विचारायचो. ते हसायचे. "तू वाढव की, पुढारी."

गेल्या महिन्यात आमच्या कामगार युनियनला सभेच्या घोषणेसाठी भिंत हवी होती. तिच्यावर काकांनी लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी एक बाई काढली होती. मी ती फडक्यानं सगळी पुसली आणि लाल रंगात लिहिलं, 'लूम कामगारांना मान द्या!' नियम त्यांचाच होता, मग माझं काय चुकलं?

शुक्रवारी लूम बंद असतात. चित्रातली ती बाई ठेवणीतली साडी नेसून, बहिणीला सोबत घेऊन, स्वतःचं चित्र बघायला आली. काकांनी माझ्या घोषणेवर बोट ठेवलं. "यहाँ थी आप, दीदी."

"कोई बात नहीं," म्हणत ती पदर सावरून लगेच वळली.

मी म्हणालो, "काका, घोषणेवर चुना मारतो. परत काढा तिला."

"काढीन रे. बोलवायला तू जा."

तिची गल्ली मला माहीत आहे. सभेत माईकवर ओरडणारा मी, तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन तसाच परत आलोय.