अण्णाच्या गाडीचा मऊ ब्रेक

मित्रांमध्ये एकाकडं जुनी गाडी असली की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही, ते आपोआप साठतात! सत्तर सालच्या आसपास आमच्यात गाडी होती ती अण्णा मगदूमची. मंगळवार पेठेत पुढं त्याचं कापडाचं दुकान, मागं घर आणि दारात ही काळी म्हातारी. धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं लग्न ठरलं आणि अण्णानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पाठवणी माझ्या गाडीतनं!"

नेमका तेव्हाच ब्रेक मऊ पडला. उशीवर पाय ठेवावा तसं पेडल खाली जायचं. अण्णाचे वडील, आप्पा, एकदाच बोलले, "ब्रेक न्हाय त्या गाडीत माझी पोरगी बसणार न्हाय." आप्पांचा शब्द म्हणजे शेवटचा. अण्णाचं तोंड एवढंसं झालं.

*

बाबू मिस्त्रीनं पेडल भराभर दाबून बघितलं, तसं ते वर आलं. "हवा धरलीया. हवा काढाय लागती," म्हणाला आणि पाना आणायला गेला.

आमचे कुलकर्णी वकील मदतीला कायम तत्पर. मिस्त्री परत येईपर्यंत त्यांनी चारी चाकांची हवा काढून ठेवली!

मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली. "झ्याक केलंसा वकीलसाहेब! आता ब्रेक कशाला पायजे? गाडी जाती कुठं?"

आम्ही पोट धरून हसलो. अण्णा मात्र हसला नाही.

*

मग ब्रेकच्या नळ्यांतली खरी हवा काढायला सुरुवात झाली. एकानं पेडल दाबून धरायचं, मिस्त्रीनं गाडीखाली पडून चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा, की तेलाबरोबर बुडबुडे बाहेर. तो "सोडा" म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. पेडलवर वकील.

शेवटचं चाक राहिलं होतं. इतक्यात शेजारच्या काकूंचा टॉवेल कुत्र्यानं पळवला. त्या ओरडल्या, "सोड! सोड म्हणते न्हवं!"

वकिलांनी सोडलं!

गाडीखालून आवाज आला, "वकीलसाहेब, अशिलाला पण असंच मधी सोडता काय ओ?"

*

कसंबसं पेडल कडक झालं आणि आठवडाभरात पुन्हा मऊ! तेल कमी होत होतं, पण चाकं ठणठणीत कोरडी. लग्न तोंडावर आलेलं. अण्णाला जेवण जाईना, दुकानात लक्ष लागेना.

त्यात त्याची आई भडकली. "लग्नासाठी फाटक रंगवलं, त्याचं पोपडं निघालं की रं! तुझं वलं पायपुसणं रोज वाळत घालून!"

पेडलखालचं पायपुसणं रोज ओलं व्हायचं. अण्णा सकाळी गाडी धुवायचा, त्याचंच ते पाणी असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माउली बिचारी ते रोज फाटकावर टाकायची.

मिस्त्री चहा तसाच ठेवून उठला. "काकी, पाण्यानं रंग निघतो व्हय? ब्रेकचं तेल रंग खातंय!"

गळती चाकात नव्हतीच, पेडलच्या डोक्यावर होती. तिथनं चाकांकडं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा रबरी वायसर गेला होता. नवा घातला, पुन्हा हवा काढली. या खेपेला वकिलांना कुत्रं राखायला बसवलं होतं!

*

तरी आप्पांचं समाधान होईना. "आधी मी बसतो. पन्हाळ्याचा घाट उतरून दाव. बाप वाचला तर पोरगी बसंल."

पुढं अण्णा आणि वकील, मागं आप्पा आणि मी. घाटाची उतरण सुरू झाली. अण्णाची मान घामानं भिजली होती. आप्पा खिडकीबाहेर बघत होते, जसं काही शेताला निघालेत.

एका वळणावर समोर गवताची बैलगाडी, रस्त्यात आडवी! अण्णानं पाय दाबला. मी डोळे मिटले. मला खरंच वाटलं, आता संपलं.

डोळे उघडले तेव्हा गाडी थांबली होती आणि बैल बॉनेट हुंगत होता.

अण्णा मागं वळला. डोळ्यांत पाणी. "आप्पा, लागला! ब्रेक लागला!"

आप्पा खाली उतरले. उजवा पाय अनवाणी होता. वाकून त्यांनी पुढच्या सीटच्या बुडाशी घट्ट रुतलेली चप्पल ओढून बाहेर काढली. तिचा अंगठा मुळापासून तुटला होता.

ती अण्णाच्या तोंडापुढं धरून म्हणाले, "तुझा लागला का माझा, ते मला ठावं! पोरगीला न्हे ह्याच गाडीतनं. पर मागं मी बसणार!"