काकूंचे खापरपणजोबा

"कशावरून?" असं विचारण्याआधी काका चष्मा कपाळावर चढवत. चष्मा वर गेला की समोरच्याने ओळखायचं, आता आपली उलटतपासणी. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात गणपतीला एक बाई म्हणाल्या, "काका, मोदक घरी केलेत हं." चष्मा वर. "कशावरून? पाकळ्या सगळ्या एकसारख्या कशा?" मोदक फ्रोझनच निघाले. त्या बाई पुढच्या गणपतीपर्यंत काकांशी बोलल्या नाहीत. असा एखादा नमुना तुमच्याही ओळखीत असेल, पण आमचा अस्सल होता. माझ्या शेजारच्याच घरात राहायचा.

काका पॅथॉलॉजिस्ट. जन्मभर काचपट्टीवरच्या पेशींवर संशय घेऊन पगार मिळवला, आणि रिटायर झाल्यावर तोच संशय फुकट वाटायला लागले. "हवं तेच उत्तर आलं, की पट्टी परत बघायची," असं ते मला नेहमी सांगत.

एका माणसावर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. काकूंवर. काकू इथल्याच, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका तंबाखूच्या गावातल्या गोऱ्या बाई. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्यांऐवजी पिकॅनचं, म्हणजे इथल्या अक्रोडाच्या भावंडाचं, कूट घालायच्या आणि "बास झालं?" हे इतकं लांबवून विचारायच्या, की बास झालेला माणूस पुन्हा ताट पुढे करायचा. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या रक्षेची पेटी काकांनी टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवली.

जाताना काकूंनी नवऱ्याला एक काम लावून ठेवलं होतं. गावच्या चर्चच्या दफनभूमीत त्यांच्या घराण्याची एक ओळ आहे. तिथे जायची त्यांची इच्छा होती. पण त्या ओळीच्या सुरुवातीलाच त्यांचे खापरपणजोबा होते. गरीब शेतकरी, कधी गुलाम बाळगला नाही, असं घरात सगळे सांगायचे. काकूंना ते लहानपणापासून पटत नव्हतं. "तू शोधून काढ," त्या काकांना म्हणाल्या होत्या. "बाळगले असतील, तर मला त्याच्या ओळीत ठेवू नकोस."

झालं, माझे शनिवार गेले. काका हायवेवर ड्राइव्ह करत नसत आणि जीपीएसवर त्यांचा भरवसा नव्हता. मी गाडी चालवायची आणि त्यांनी प्रत्येक पाटीवर शंका घ्यायची. या गावाचं कोर्टहाऊस, त्या गावाचं स्मशान. काकूंच्या धाकट्या बहिणीने घरचं जुनं बायबल दाखवलं, त्यात पिढ्यांचे जन्म लिहिलेले. काकांचा चष्मा वर. "मोठ्यापासून शेंडेफळापर्यंत शाई एक, अक्षर एक. सगळी पोरं एकाच दुपारी झाली की काय?" बहीण फुगून बसली.

अखेर काकांना धागा सापडला. खापरपणजोबांचं मधलं नाव हार्डी. खापरपणजोबांच्याच आडनावाचा, पहिलं नाव हार्डी असलेला एक बडा तंबाखूवाला जुन्या नोंदींत निघाला. त्याच्याकडे गुलामांच्या खोल्यांची रांगच होती. "बाप सापडला!" काका म्हणाले. मलाही शंका आली नाही. आपल्यात स्वतःच्या नावापुढे कोण येतं? बाप येतो. कित्येक महिने आम्ही त्या तंबाखूवाल्याच्या मागे फिरलो.

मग एका दुपारी काकूंची बहीण घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन आली, काका विजयी मुद्रेने सगळं सांगायला लागले, आणि ती खो खो हसत सुटली. "अरे हनी, हार्डी हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव! आमच्याकडे पोराच्या मधे आईचं माहेर घालतात."

मी काकांकडे बघतच राहिले, कारण आता संशय मला आला होता. काकूंचं मधलं नाव त्यांच्या आईच्या माहेरचंच होतं, हे मला तेव्हा आठवलं. पेटीवरच्या चिठ्ठीत पूर्ण नाव छापलेलं होतं. काका ती पेटी रोज पुसायचे.

बहीण गेल्यावर मी विचारलंच. "काका, खरंच माहीत नव्हतं तुम्हाला?"

चष्मा वर गेला नाही. उलट त्यांनी तो काढून हातात घेतला. "शोध संपला, की हिला पोचवावं लागणार," ते म्हणाले. "मग घरी मी एकटा गं."

मला रडू आलं. चहा टाकला.

पुढे मात्र काकांनी फाटे फोडले नाहीत. खापरपणजोबांच्या आईच्या माहेरची, म्हणजे हार्डींकडची माणसं शोधली. आईच्या वडिलांचं मृत्युपत्र कोर्टात होतं. लेकीला लग्नानंतर त्यांनी एक गुलाम मुलगी दिली होती. गाय दिली, पलंग दिला, तशी मुलगी दिली. पुढे तीच मुलगी, बाई झालेली, लेकाच्या म्हणजे खापरपणजोबांच्या वाट्याला आली होती.

"एकच ना पण," बहीण हळूच म्हणाली.

काका एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "एकच? मलाही एकच होती!"

त्या ओळीत काकू जाणार नव्हत्या, हे आता ठरलं होतं. पेटी फळीवरच राहू शकली असती, कोणी काही म्हटलं नसतं. पण उत्तर काकांच्या सोयीचं होतं, म्हणून त्यांनी पट्टी परत बघितली. "त्याच्या ओळीत नको म्हणाली. गावात नको असं नाही म्हणाली," ते बहिणीला म्हणाले.

"आई चर्चच्या मागे आहे, तिच्या माहेरच्यांत," बहीण म्हणाली. "तिलाही ह्यांच्या ओळीत जायचं नव्हतं. पण माहेरचेही काही संत नव्हते, आधीच सांगते."

"असू दे. आईजवळ असेल."

तेव्हा काकांनी 'कशावरून' विचारलं नाही.

काकूंना पोचवून आल्यावर फळीवरची ती जागा त्यांनी रिकामीच ठेवली. मी तिथे तुळशीची कुंडी ठेवू का विचारलं, तर नको म्हणाले. गेल्या हिवाळ्यात काकाही गेले. त्यांची रक्षाही चर्चच्या मागेच ठेवली. दगडावर कोरायला बहिणीने मला फोन करून पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं.

"मधलं नाव त्यांच्या आईच्या माहेरचं?"

"नाही, वडिलांचं."

"असं? कशावरून?" तिने विचारलं, अगदी काकांच्या सुरात.

दगड बसला आहे. काका-काकू शेजारी शेजारी, एकीच्या नावामधे आईचं माहेर, दुसऱ्याच्या नावामधे बाप. पुढे कधी तरी काकूंच्या घराण्यातलं कोणी तिथे उभं राहील आणि काकांच्या मधल्या नावावरून त्यांच्या आईचं माहेर शोधायला निघेल. त्या वेळी त्याच्या शेजारी चष्मा कपाळावर चढवणारं कोणी तरी असावं.