रेडिएटरातला पांढरा थर

माझ्या निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात, एका सकाळी, आटपाडीहून सांगलीच्या दवाखान्याकडे निघालेली कार माधवनगरच्या अलीकडे बंद पडली. छातीत दुखत असलेली आई मागच्या सीटवर होती, थोरला मुलगा गाडी चालवत होता. काटा लाल रेघेवर गेला, बोनेटमधून वाफ आली, इंजिन जाम झाले. दुसरे वाहन मिळेपर्यंत आई वारली.

आमच्या पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दिवस झाल्यावर थोरला आला. धाकट्या भावाने गाडीत घातपात केला, अशी त्याची तक्रार होती. जमिनीच्या वाटणीवरून दोघांत बोलणे नव्हते. धाकटा गाडी बंद पडण्याच्या आदल्या संध्याकाळी बोनेटमध्ये वाकलेला दिसला, अशी खबर शेजाऱ्यानेही दिली.

पंचनाम्यात रेडिएटर उघडला. आत पांढरा थर होता.

"बघा सायेब, पावडर घातलीया," थोरला म्हणाला.

धाकट्याला चौकशीला बोलावले. बोनेट उघडल्याचे त्याने मान्य केले. कशासाठी, यावर गप्प.

"तुजं बी इंजिन जाम झालं काय रं?" हवालदारांनी विचारले.

गाडी बंद पडली की लोक आधी माणूस धरतात, बिघाड मागाहून शोधतात. एवढे मी त्या प्रकरणात शिकलो.

मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आला. थर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा होता, अनेक वर्षे साचलेला. त्याने नळ्या बुजल्या होत्या. हे ऐकवल्यावर धाकटा बोलला.

"आमचं वडील, आबा, पल्टनीत ड्रायव्हर हुते. रोज सकाळी बोअरचं पानी वतल्याबिगर चावी लावू देत न्हाईत. लय सांगितलं, कूलंट घाला. ऐकत न्हाईत. म्हनून त्या सांजंला चोरून पानी काढलं, कूलंट भरलं."

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"आई गेली सायेब. आता आबास्नी सांगू व्हय, तुमच्या पान्यानं गेली?"

थोरल्याला बोलावून अहवाल वाचून दाखवला. तो तक्रार मागे घेतो म्हणाला. "आबास्नी कळू देऊ नका," एवढेच मागितले.

गाडी ठाण्यासमोरच्या गॅरेजात दुरुस्त झाली. नवा रेडिएटर बसवला. न्यायला दोघे भाऊ आले, आणि आबाही आले. आबांच्या हातात घरून आणलेला बोअरच्या पाण्याचा कॅन होता.

"पानी बघितल्याबिगर चावी लावायची न्हाई," आबा म्हणाले आणि कॅनचे झाकण काढले.

थोरला रस्त्याकडे बघत होता. धाकट्याने बोनेट वर धरून ठेवले.