कपातली चूक

शेलारच्या नाक्यावरचा आमचा औषधवाला वडिलांच्या पॉवरलूमच्या कारखान्यात वाढलेला. तिथल्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. ती सवय त्यानं दुकानातही आणली.

ऐकू न येणारं गिऱ्हाईक आलं की तो काउंटरबाहेर येतो. जेवणानंतरची गोळी असेल तर पोटावर हात फिरवून ढेकर देतो. झोप आणणारी असेल तर बाइकचं हँडल धरून घोरतो आणि मग जोरजोरात बोट हलवून नको म्हणतो. रांग हसते. तो हसत नाही. समोरच्यानं सगळं परत करून दाखवल्याशिवाय पिशवी सोडत नाही.

परवा रांगेत माझ्यापुढे अशाच ऐकू न येणाऱ्या एक बाई होत्या. थायरॉइडची गोळी, मी घेतो तीच. बाईंनी उपाशीपोटी म्हणून पोट आत ओढलं, गोळी गिळली, घड्याळावर अर्धा तास दाखवला आणि मग चहाचा घोट घेतला. पास!

मी माझी गोळ्यांची बाटली मागितली.

"काका, तुम्ही कशी घेता? करून दाखवा."

"मला ऐकू येतं रे!"

"म्हणूनच इचारतो."

तीन वर्षं तो सांगायचा आणि मी "हो हो" म्हणत सुटे पैसे शोधायचो. आता चिडून मी एका हातात गोळी धरली, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि दोन्ही एकदमच तोंडाकडे नेले.

बाईंनी कपाळावर हात मारला. मग पुढे होऊन माझ्या हातातला नसलेला कप काढून घेतला आणि काउंटरवर ठेवला.