विमलभाभींनी नाकारलेली पांढरी गाडी

रविवार, चार मे. हजर : मी, विमलभाभी, आमचे गॅरेजवाले शब्बीरभाई, आणि शब्बीरभाईंच्या व्हॅनच्या मागच्या सीटवर भाभींचा जेवणाचा डबा. काम : दोन जुन्या गाड्या बघणे, एक मंचरला, एक नारायणगावला, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एक पक्की करणे. मी प्रत्येक कामाची अशी नोंद करते. घरचे त्यावरून हसतात. त्या दिवशी गाडी काही पक्की झाली नाही. आणि भाभींबरोबरचा तो माझा शेवटचा रविवार आहे, हे लिहायला त्या पानावर रकानाच नव्हता.

विमलभाभी म्हणजे नारायणगावातल्या भांड्यांच्या दुकानाच्या मालकीण. त्यांच्या आजेसासऱ्यांनी राजस्थानातून येऊन ते दुकान थाटलं; पुढे भाभी आणि त्यांचे यजमान कांतिलालजी ते चालवत. मी महाळुंगे पडवळची, आमची टोमॅटो-मिरचीची रोपवाटिका. आमची ओळख माझ्या पुतणीच्या लग्नात झाली. स्वयंपाकाची मोठी भांडी त्यांच्याकडून यायची होती आणि ऐनवेळी टेम्पोचा ड्रायव्हर गायब झाला. तेव्हा नारळाच्या दोन रांगांमधल्या आमच्या अरुंद वाटेवरून तो टेम्पो उलटा घेत एक ठेंगणी, गोरटेली बाई आली. डोक्यावरचा पदर ढळला नव्हता. मांडव टाकणारी माणसं हातातली दोरी सोडून बघत राहिली. कुठं शिकलात म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, दुकानामागच्या बोळात, दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा. ‘‘आधी मागं घ्यायला शिकले. पुढं काय, कुणीबी जातंय.’’

आमच्याकडे तेव्हा सासऱ्यांची जुनी फोर बाय फोर जीप होती. आठवडाभर ती रोपांचे ट्रे वाहायची आणि रविवारी आम्हा दोघींची व्हायची. आंबे-हातवीज, दुर्गवाडीचं पठार, आहुपे... दगडाधोंड्यांची वाट जिथवर असेल तिथवर. जाताना मी चालवायची, येताना त्या. या सहलींचे नियम भाभींचे होते. पहिला, जेवण सूर्य मावळायच्या आत. त्यामुळे कुठल्याही डोंगरावर आमचं परतायचं गणित घड्याळावर नसे, त्या डब्यावर असे. दुसरा नियम पावसाळ्याचा. हिरव्या गवतात बारीक जीव असतात म्हणून चातुर्मासात त्या गवतावर पाय ठेवत नसत, आणि चाकही घालू देत नसत. रस्ता सोडून गाडी घालायची हौस म्हणून लोक एवढ्या लांबून येतात. आम्ही मात्र कच्ची वाट काटेकोरपणे धरून ती हौस भागवायचो.

एकदा श्रावणात दुर्गवाडीजवळ वाट दरडीने बंद झाली होती. पुण्याकडची काही मुलं चकाचक गाड्या घेऊन तिथं आली होती, ती गवतातून वळसा घालून वळवत होती. त्यातला एक आमच्याजवळ येऊन समजावू लागला, ‘‘मॅडम, फोर बाय फोर आहे ना? घाला की गवतात.’’ भाभी म्हणाल्या, ‘‘गाडीला चालतंय हो. मला नाही चालत.’’ आणि त्यांनी जीप उलटी घ्यायला सुरुवात केली. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला गवत, मध्ये चिखल. मी खाली उतरून पुढं... म्हणजे मागं, चालत वाट दाखवत होते. कातळाचं मोकळं पटांगण येईपर्यंत त्या जीप मागे नेत राहिल्या. मुलं आधी हसली, मग त्यांतलं कुणीतरी मोबाईलवर त्याचं शूटिंग करू लागलं. भाभींनी खिडकीतून मला विचारलं, ‘‘पदर नीट आहे ना गं?’’

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि डायलिसिस सुरू झालं. मंचरला जायचं, यायचं. बऱ्याचदा मीच नेत असे. जीपच्या धक्क्यांनी परतीच्या वाटेवर त्यांचा चेहरा पांढरा पडायचा, पण तोंडातून कधी तक्रार नाही. मग जीपच्या नोंदणीची मुदत संपली आणि ती भंगारात गेली. मला रोजच्या कामाला आणि रविवारच्या वाटांना चालेल अशी जुनी गाडी हवी होती. मी कागदावर मुद्दे काढले. ट्रे मावायला मागे जागा, डिझेल, सुटे भाग नारायणगावात मिळणं, वगैरे. पण सगळ्यांच्या वर लिहिलं होतं : भाभींना धक्के लागू नयेत.

मंचरची पांढरी गाडी एका निवृत्त मास्तरांची होती. सीटांवर अजून प्लॅस्टिकचं कव्हर, आत अत्तराचा वास. बसायला बुटकी, चालायला गादीसारखी. फोर बाय फोर नव्हती. मास्तर म्हणाले, ‘‘आमी घाटात कधी नेलीच नाय. भीमाशंकरला गेलो तेबी यष्टीनं.’’ भाभी गाडीभोवती फिरत बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत होत्या. दुकानात पातेलं घेताना वाजवावं तसं. मागच्या दाराशी थांबून म्हणाल्या, इथं पत्रा कमी आणि पुट्टी जास्त आहे. मास्तर जरा ओशाळले; फाटकाला घासली व्हती, म्हणाले. मला त्याचं काही वाटलं नाही. भाभी पुढच्या सीटवर बसल्या तेव्हा त्यांना हाताला धरावं लागलं नाही, एवढंच मी बघत होते.

नारायणगावची हिरवी गाडी एका द्राक्षबागाईतदाराची. उंच, टणक, फोर बाय फोर, आत कुत्र्याचे केस आणि औषधाच्या फवारणीचा वास. शब्बीरभाई खाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, इंजिन एकदम खणखणीत आहे. बागाईतदार माझ्याकडे न बघता त्यांनाच सांगत होता, ‘‘भाऊ, लई ताकदीची हाय. पर बाईमानसाला न्हाई जमायची.’’

‘‘तुमच्या मालकीण चालवतात का?’’ भाभींनी विचारलं.

‘‘छे, तिनं हात बी लावला नाय.’’

‘‘मग तुमाला कसं ठाऊक?’’

शब्बीरभाई खोकल्याचं निमित्त करून पलीकडे गेले. मी गाडी कालव्याच्या कडेच्या खडबडीत वाटेवर नेऊन आणली. चांगली होती. फारच चांगली होती. पण भाभींना आत चढवायला मला आणि शब्बीरभाईंना, दोघांना हात द्यावा लागला होता, आणि परत येईपर्यंत त्यांनी वरची दांडी सोडली नव्हती.

ऊन कलल्यावर आम्ही मीना नदीच्या काठी थांबलो. भाभींनी डबा उघडला. आजाराने जेवणातलं मीठ गेलं होतं, पाणीसुद्धा मोजून-मापून. मी कागद काढून सांगितलं, पांढरी घेते.

‘‘कशासाठी?’’

‘‘तुम्हाला मंचरला न्यायला. धक्के बसणार नाहीत.’’

‘‘मंचरला मला रिक्षा मिळते, सुनंदा. आणि रविवारी काय करशील? पांढरी हातवीजच्या डांबरापर्यंत जाईल. पुढं?’’

मी म्हटलं, पुढं नाही गेलो तर काय बिघडलं, डांबरावर बसून जेवू. दिवाळीपर्यंत तुम्हाला बरं वाटेल, मग बघू. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. आवाज चढवला नाही.

‘‘गाडी आठ-दहा वर्षं राहते गं. माझ्या मापाची घेऊ नको. तुझ्या मापाची घे.’’

शब्बीरभाई नदीकडे बघत होते. मला राग आला होता. माझा सगळा कागद तिच्या एका वाक्यानं... त्यांना मी कधी अगं-तुगं केलं नाही, इथे लिहिताना झालं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी मास्तरांना फोन केला आणि पांढरी गाडी माझ्यासाठी राखून ठेवायला सांगितली. पुढच्या रविवारी पुन्हा बोलून भाभींना पटवू, असा माझा बेत होता. पुढच्या रविवारी त्या दवाखान्यात होत्या.

महिना संपता संपता एका सकाळी मी ट्रे भरत असताना कांतिलालजींचा फोन आला. म्हणाले, ‘‘सुनंदाताई, आज दुकान बंद आहे.’’ सणासुदीलाही अर्धं शटर उघडं ठेवणारा माणूस. मला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

पंधरवड्यानं मास्तरांनी विचारलं, दुसरं गिऱ्हाईक आलंय, काय करू? गाडी तेव्हाही माझ्या नावावर राखलेली होती. पांढऱ्या गाडीतून आता कुणाला मंचरला न्यायचं नव्हतं, तरी ती सोडवेना. घेतली असती तर भाभी अजून यायच्या आहेत असं वाटत राहिलं असतं. शेवटी म्हटलं, द्या त्यांना. फोन ठेवून शेडनेटमध्ये जाऊन उगाच रोपांना पाणी दिलं. सकाळीच दिलेलं होतं.

मग नारायणगावची हिरवी विकत घेतली, आणि घरी आणायच्या आधी दुकानाकडे नेली. कांतिलालजी बाहेर आले. आमच्या रविवारच्या भटकंतीवर त्यांनी आजवर एक शब्द काढला नव्हता, ना कौतुकाचा, ना तक्रारीचा. गाडीभोवती फिरले, डाव्या दाराच्या काचेतून आत डोकावले. मग म्हणाले, ‘‘ती जेवायला बसायची ती जागा मला दाखवाल? रविवारी दुकान माणसावर सोडतो.’’ मी दार उघडलं. त्यांनी एक पाय वर टाकला, दुसरा उचलेना. दुकानातला नोकर लाकडी स्टूल घेऊन धावला, पण त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितलं. हसून म्हणाले, ‘‘गाडी तिनंच पसंत केली ना? मग बरोबर. माझा विचार ती कधी करायची?’’ हसले खरे, पण दाराची कड त्यांच्या हातातून लवकर सुटली नाही.

शब्बीरभाई म्हणतात, त्यांना चढायला कायमची पायरी बसवली तर दुर्गवाडीच्या दगडांना घासेल. घडीची मिळते, पुण्याहून मागवावी लागेल, दाराचं माप द्या. हिरवी आता रोज रस्त्यावर असते. ट्रे जातात, येतात. कांतिलालजींनी काल पुन्हा विचारलं, कोणता रविवार. डाव्या दाराचं, भाभींच्या बाजूचं, माप घ्यायचं मात्र माझ्याकडून अजून राहिलं आहे.